अकरा बावीसला आलेला पाहुणा

माणसाला एखादी गोष्ट अजिबात कळली नाही तरी तिची निगा उत्तम राखता येते. याचा पुरावा हवा असेल तर घड्याळकाकांकडे बघावं. वैश्विक किरण म्हणजे काय हे काकांना धड सांगता येत नसे, आणि बावीस वर्षं ते वैश्विक किरणांच्या टाक्या सांभाळत होते. आणखी एक पुरावा हवा असेल तर काकूंकडे बघावं. त्या बत्तीस वर्षं काकांना सांभाळत होत्या.

टाक्या होत्या एकशे साठ. गावाबाहेरच्या उघड्या माळावर, एकमेकींपासून दीड-दीड किलोमीटर अंतर राखून, भांडण झालेल्या जावांसारख्या बसलेल्या. छातीइतक्या उंच, गोल, चांगल्या पोट सुटलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर शेंडीसारखी अँटेना, पाठीवर सौर पॅनल, कुशीला बॅटरीची पेटी आणि पोटात बारा हजार लिटर पाणी. हे पाणी इतकं शुद्ध की ते कोणी पीत नाही, कशाला वापरत नाही, आणि एकदा भरलं की वर्षानुवर्षं त्याला उजेडसुद्धा दाखवत नाहीत. काकूंच्या भावाला, म्हणजे काकांच्या मेहुण्याला, यात फार रस होता. तो दर भेटीत विचारायचा की भावोजी, पाण्याला कोंडून ठेवण्याचा पगार मिळतो, तर सोडायचा किती मिळेल? काका मूळचे नळवाले. तीन नंबरची टाकी गळत होती म्हणून एका सकाळी त्यांना बोलावलं होतं. ती दुपारपर्यंत गळायची थांबली, पण काका काही परत गेले नाहीत.

या टाक्या ज्या वेधशाळेच्या, तिथे एक तरुण संशोधक होती. डॉक्टर ही पदवी तिच्या दारावर लिहिलेली असल्यामुळे गावातले लोक तिच्याकडे खोकल्याचं औषध मागायला यायचे, आणि सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. त्या काकांना समजावून सांगायच्या. अंतराळातून सूक्ष्म कण येतात, प्रचंड वेगाने. लहानसहान तर सतत पडत असतात, आपल्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातो आणि आपल्याला पत्ता नसतो. पण क्वचित एखादा दांडगा येतो. तो वरच्या हवेवर आदळला की त्याचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे, असा अब्जावधी कणांचा सडा होऊन कित्येक किलोमीटरवर एकदम पडतो. हे कण टाकीच्या पाण्यातून जाताना क्षणभर निळसर उजेड पडतो, आणि टाकीच्या छताला लावलेले तीन काचेचे डोळे तो टिपतात. कुठल्या टाकीने किती उजेड पाहिला आणि कोणी आधी पाहिला, यावरून मूळचा कण किती दांडगा होता आणि कुठल्या दिशेने आला ते काढायचं.

काकांनी हे सगळं घरी काकूंना सांगितलं ते असं: "पाहुणा दारातच फुटतो. आपण अंगणात पडलेल्या चपला मोजून तो केवढा होता ते ठरवायचं."

"पण येतो कुठून?" काकूंनी विचारलं होतं.

इथे मात्र डॉक्टरीणबाईंचीच पंचाईत होती. हे कण विजेचा भार घेऊन फिरतात. त्यामुळे वाटेत जिथे जिथे चुंबकीय क्षेत्र भेटेल तिथे तिथे वळतात. साधा कण इतकी वळणं घेऊन येतो की तो ज्या दिशेने दारात उभा राहिला त्या दिशेला त्याचं घर असेलच असं नाही. फक्त अतिदांडगे कण तेवढे फारसे वळत नाहीत. काकूंना हे लगेच पटलं, कारण त्यांची थोरली बहीण तशी होती. ती निघाली की वाटेत कोणाकडे चहालाही न थांबता सरळ यायची, आणि ती कोणाच्या घरून भांडून आली आहे ते दिशेवरून कळायचं. शिवाय असं की आकाशभर एक मंद, जुना उजेड भरून राहिला आहे, विश्वाच्या लहानपणातला. फार लांबून येणारा दांडगा कण त्याला धडका देत देत दमतो. म्हणजे जो न दमता आला तो जवळपासचाच. जवळपासचा म्हणजे किती, तर काही कोटी प्रकाशवर्षं. काकू म्हणाल्या, एवढं जवळ असून कधी कळवलं नाही.

असा कण फार दुर्मीळ. डॉक्टरीणबाई सहा वर्षं एका खऱ्या दांडग्याची वाट बघत होत्या. त्याची ताकद सांगताना त्या काकांचीच भाषा वापरायच्या. दीड किलोचा पाना शिडीच्या टोकावरून पायावर पडला तर जेवढा बसेल तेवढा तडाखा, आणि तो सगळा अणूहूनही लहान अशा एका कणात. काकांच्या पायावर असा पाना दोनदा पडलेला असल्यामुळे भौतिकशास्त्राचा एवढा भाग त्यांचा पक्का होता.

आता घड्याळकाका हे नाव कसं पडलं ते. काकांची एक वही होती. कोणत्या टाकीवर किती वाजता गेलो, काय केलं, किती वाजता निघालो, हे त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. एक खाडाखोड नाही की एक डाग नाही. वेधशाळेच्या मोठ्या साहेबांनी नियमच केला होता की ज्या टाकीवर काकांचं काम चालू असेल, तिची त्या वेळेतली साक्ष धरायची नाही. टाकीला हात लागला, तार हलली, की ती खोटं बोलते. एकदा अशाच खोटं बोललेल्या टाकीपायी साहेबांची परदेशातल्या एका सभेत शोभा झाली होती, तेव्हापासून काकांची वही ही शेवटचा शब्द. इतके मोठे विद्वान, पण काकांनी लिहिलं अकरा दहा म्हणजे अकरा दहा.

या वहीत एकच गोम होती आणि ती फक्त काकांना ठाऊक होती. काका ती सकाळी लिहायचे.

म्हणजे आठ वाजता, ऑफिसात, चहाचा कप उजव्या हाताला ठेवून, दिवसभराच्या सगळ्या नोंदी ते आधीच करून टाकायचे. माळावर वारा फार. जीपच्या बॉनेटवर वही धरली की पानं फडफडायची आणि अक्षराचं वाटोळं व्हायचं, आणि काकांना एक वेळ टाकी गळलेली चालली असती पण अक्षर गळलेलं चालत नसे. यात फसवाफसवी नव्हती. एकदा लिहिलं की काका ते काम केल्याशिवाय घरी जात नसत. लोक काम करून नोंद करतात, काका नोंदीला जागून काम करत. फक्त वेळा थोड्या इकडच्या तिकडे व्हायच्या. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं. मग वयाप्रमाणे.

तर त्या वर्षी काकांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं. माळावर एक शेळी उभी असली की त्यांना दोन दिसायच्या. आधी त्यांना वाटलं शेळ्या वाढल्या. मग एका सकाळी टाकीही दोन दिसल्या, आणि एकशे साठच्या एकशे एकसष्ट झाल्याचं कोणी कळवलेलं नव्हतं. डोळे अधू झालेल्या माणसाच्या हाती जीप देत नाहीत, आणि जीपशिवाय फेरी नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती. ही दोन वर्षं टेबलामागे बसून काढायची, आणि टाक्यांवर दुसऱ्याच कोणाचा तरी पाना फिरायचा, या विचारानेच काकांना झोप लागेना. म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. काकूंना तर नाहीच. काकूंना सांगणं म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला सांगणं, आणि ती सरळ येते.

एका मंगळवारी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे वही लिहिली. 'टाकी ४१. ११.१० ते ११.४०. बॅटरीच्या तारा आवळल्या.' मग जीप काढली, माळाकडे न वळता बसथांब्यामागे लावली, आणि वीस किलोमीटरवरच्या शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले. तिथल्या नर्सने त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले, चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि मिटून बसायला सांगितलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, असं डॉक्टरांनी सांगितलं. काढावा लागेल. दुपारी काका परतले तेव्हा जग दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. तरी साडेतीनला त्यांनी एक्केचाळीस नंबरच्या तारा चाचपून आवळल्याच. लिहिलं होतं ना.

बुधवारी सकाळी काका ऑफिसात आले तर डॉक्टरीणबाई दारातच उभ्या, केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला. आदल्या दिवशी अकरा वाजून बावीस मिनिटांनी अकरा टाक्या एकदम बोलल्या होत्या. असा दांडगा या माळावर आजवर उतरला नव्हता. त्या काकांच्या हाताला धरून सांगत होत्या की काका, पाना नाही, पान्यांची अख्खी पेटी पडली. काका खुश झाले. पाहुणा त्यांच्या अंगणात आला होता. डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतःचा चहा दिला, आणि हे त्यांनी आजवर कोणासाठी केलं नव्हतं.

दुपारी डॉक्टरीणबाई परत आल्या. केस विंचरलेले होते, आणि हातात वही होती.

सड्याचा मध्य पडला होता एक्केचाळीस नंबरच्या अगदी शेजारी. सगळ्यात मोठी साक्ष तिची. ती धरली नाही तर उरलेल्या दहा टाक्या एवढंच सांगत होत्या की कोणीतरी आलं होतं. केवढं आलं होतं ते कळत नव्हतं. आणि वही म्हणत होती की त्या वेळी काका तिथे तारा आवळत होते.

"काका, तुम्ही खरंच तेव्हा तिथेच होतात ना?" त्यांनी विचारलं. "आकडे तर स्वच्छ दिसतात. पण मला ते हवे आहेत म्हणून मला स्वच्छ दिसत असतील."

हे बोलायला फार मोठं मन लागतं. समोर ताट वाढलेलं असताना भूक आपल्याला फसवत असेल असं म्हणणारी माणसं किती भेटतात? काकांनी वहीकडे पाहिलं. अक्षर सुरेख होतं, दोन-दोनदा दिसत असूनही सुरेख होतं.

"लिहिलंय तसंच," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, मला वाटलंच, तुमच्या वहीत चूक कशी असेल. आणि वही जपून, दोन्ही हातांनी, टेबलावर ठेवून गेल्या. शिवी दिली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी काकांनी दुसरा कप चहा नको म्हटलं. काकूंनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या. बत्तीस वर्षांत दुसरा कप तीनदा नाकारला गेला होता, आणि तिन्ही वेळा घरात काहीतरी फुटलेलं निघालं होतं.

काकांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली ती एका ओळखीच्या माणसाची म्हणून. तो माणूस असतो, तो आधी लिहितो आणि मग करतो, एक दिवस तो भलतीकडेच जातो. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की या माणसाचा मोतीबिंदू एकाच डोळ्यात आहे की दोन्ही.

"तुला कोणी सांगितलं?" काकांनी विचारलं.

"अहो, शर्ट धुण्याआधी खिसे कोण बघतं?" काकू म्हणाल्या. "आणि कोशिंबिरीची बशी मुद्दाम तुमच्या डावीकडे ठेवून मी महिनाभर बघतेय. तुम्ही बशी सोडून टेबलावर चमचा मारता."

त्यांनी फडताळातून बिस्किटांचा जुना डबा काढला. काकूंना कागद टाकवत नसे. काकांच्या खिशातून बत्तीस वर्षांत जे जे निघालं, ते ते या डब्यात होतं. सगळ्यात वर दवाखान्याची चिठ्ठी. 'थेंब ११.१५. पुन्हा ११.२५.' म्हणजे तो पाहुणा माळावर उतरला तेव्हा काका डोळे मिटून, पहिल्या आणि दुसऱ्या थेंबांच्या मध्ये बसले होते.

काका म्हणाले, ही चिठ्ठी दाखवली की जीप गेली. वहीही गेली. बावीस वर्षांचं नाव गेलं. पोरंटोरं हसतील.

"हसतील," काकू म्हणाल्या. "मी तर आत्ताच हसतेय. पण तो बिचारा कुठून कुठून कोटी कोटी वर्षं न थांबता आला, आणि तुम्ही त्याला दारातून परत पाठवणार? का, तर वहीत खाडाखोड होते म्हणून?"

काकांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, अर्धा कप चालेल.

गुरुवारी सकाळी काका वही न लिहिता सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या, अकरा बावीसची घटना बाद करण्याच्या कागदावर सही घ्यायला आलेल्या. काकांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. चहा, वारा, अक्षर, शेळ्या. मध्ये श्वास घेतला नाही, कारण घेतला असता तर थांबले असते.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. मग दवाखान्याला फोन लावला. पलीकडून नर्सने वेळ बरोबर सांगितली, आणि वर हेही सांगितलं की हे गृहस्थ दुसऱ्या वेळचे थेंब टाकताना 'झाकण लावा, उजेड आत जातोय' असं म्हणाले होते.

"किती वर्षं सकाळी लिहिताय?" साहेबांनी विचारलं.

"बावीस."

"सगळी?"

"पहिल्या दिवशी दुपारी लिहिली होती," काका म्हणाले. "अक्षर फार वाईट आलं."

साहेब खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते रागाने की कशाने, हे काकांच्या डोळ्यांना त्या दिवशी ठरवता येणं शक्य नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र हातातला कागद चार ठिकाणी फाडला आणि काकांना, सगळ्यांदेखत, वाकून नमस्कार केला. काका इतके गोंधळले की त्यांनीही उलट वाकून नमस्कार केला आणि दोघांची डोकी आपटली.

सुटका मात्र एवढ्यावर नव्हती. साहेब वळून म्हणाले की मग या वहीपायी आजवर जे जे बाद केलं त्याचं काय? कपाटं उघडली गेली. नऊ घटना निघाल्या. नऊ पाहुणे काकांच्या सुवाच्य अक्षराने दारातून घालवले होते. त्यांतले काही तेव्हा खरोखरच खोटे असतील, काही नसतील. काकांना शिक्षा मिळाली ती अशी: शस्त्रक्रिया होऊन डोळे निवळेपर्यंत जीपला हात लावायचा नाही, आणि तोवर टेबलाशी बसून त्या नऊ दिवशी आपण नक्की कुठे होतो ते आठवायचं. नुसतं आठवून चालणार नाही. कागद हवा.

कागद कोणाकडे होते हे सांगायला नको. काकू डबा मांडीवर घेऊन वेधशाळेत आल्या, आणि पुढचा आठवडाभर मोठमोठे विद्वान त्यांच्या खुर्चीभोवती उभे राहून एकेका चिठ्ठीची वाट बघत होते. काकू घाई करत नसत. प्रत्येक कागदाची हकीकत सांगितल्याशिवाय कागद हाती देत नसत. नऊपैकी सहा दिवसांचं काहीच निघालं नाही. एका दिवशी काका खरंच वेळेवर टाकीवर होते असं सिद्ध झालं, आणि त्याचं काकांनाच सर्वांत नवल वाटलं. एका दिवशी ते मुलीच्या शाळेत होते, मुख्याध्यापिकांच्या सहीनिशी. तो पाहुणा परत घेतला गेला.

राहिला नववा. चौदा वर्षांपूर्वीचा. काकूंनी डब्याच्या तळातून एक गुलाबी तिकीट काढलं. सर्कशीचं, दुपारच्या खेळाचं, वर वेळेचा शिक्का. एकाच माणसाचं.

सगळ्यांनी आधी तिकिटाकडे आणि मग काकांकडे पाहिलं.

"चौदा वर्षं वाट बघितली," काकू साहेबांना म्हणाल्या. "म्हटलं, सांगतील कधीतरी."

काका मान खाली घालून म्हणाले की हत्ती बघायचा होता. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, या वयात?

"म्हणाले असते," काकू म्हणाल्या. "आणि मग आलेही असते."

साहेबांनी ते तिकीट स्वतःच्या हाताने वहीला टाचलं. अशा रीतीने एका हत्तीच्या साक्षीने तोही पाहुणा घरात आला. अकरा बावीसचा कुठून आला हे अजून कोणाला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई त्याच्या दिशेच्या आकाशाचे नकाशे भिंतीला लावून बसल्या आहेत. तिथे तीन-चार संशयित आहेत, पण एकाचाही कागद नाही. त्यांनी काकूंना विचारून पाहिलं. काकू म्हणाल्या, त्याच्या घरी खिसे बघणारं कोणीतरी असेलच.

शस्त्रक्रिया झाली. दोन महिन्यांनी काकांना जीप परत मिळाली, पण एका अटीवर. वही आता जीपमध्येच राहायची, आणि लिहायचं ते टाकीपाशी, त्या क्षणी. पहिल्या दिवशी वाऱ्याने तीन पानं उडवली. उरलेल्या पानावर अक्षर असं पडलं होतं की काकांनी ते कोणाला दाखवायच्या आत वही मिटून टाकली. डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी उघडून वाचली.

'टाकी ४१. ११.१० ला पोचणार होतो. ११.४७ ला पोचलो. वाटेत चहा. ११.५२, शेळी हाकलली. एकच होती.'